नवीन रेसिंग गेममध्ये गाडी घसरते, फिरते, वळतच नाही: फिजिक्सला नावं ठेवायच्या आधी काय तपासायचं

ओळखीत कुणी नवीन रेसिंग गेम घेतला की आठवड्याभरात मला ठरलेला मेसेज येतो, "जुन्या गेममध्ये हीच गाडी मस्त चालायची, इथे नुसती फिरते, हँडलिंग बेकार आहे." कुणी फोर्झावरून ग्रान टुरिस्मो ७ वर आलेला असतो, कुणी ग्रान टुरिस्मोवरून असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओनेवर, कुणी नीड फॉर स्पीड खेळून थेट एफ१ मध्ये घुसलेला असतो. बऱ्याच जणांचं सेटिंग मी बसून लावून दिलंय, आणि दरवेळी तेच निघतं, की दोन गेमची तुलना करताना टायर वेगळे, असिस्ट (गाडी सांभाळायला गेम स्वतः करतो ती मदत) वेगळे, कंट्रोलरचं सेटिंग वेगळं, कधीकधी टीव्हीसुद्धा वेगळा, आणि खापर मात्र फिजिक्सवर, म्हणजे गाडी कशी वागेल ते ठरवणाऱ्या गेमच्या हिशोबावर, फुटतं. फिजिक्समध्ये फरक असतात, नक्की असतात, पण ते दिसायला आधी हा बाकीचा गोंधळ बाजूला काढावा लागतो, म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवतोय.

आधी लक्षण नीट ओळखा

"घसरते" एवढ्यावरून काही कळत नाही, नेमकी कधी घसरते ते बघा.

- कॉर्नरमधून बाहेर पडताना रेस दिली की मागची बाजू सुटते
- ब्रेक दाबून वळवायला गेलं की गाडी गिरकी घेते
- कंट्रोलरची स्टिक पूर्ण वाकवली तरी गाडी नाक सरळच ठेवते, वळत नाही
- सरळ रस्त्यावर डावी-उजवी डोलते, एका जागी ठरत नाही
- हात न लावता एका बाजूला ओढते
- सगळं बरोबर करूनसुद्धा गाडी उशिरा ऐकते असं वाटतं
- व्हील (गेमसाठीचं स्टीअरिंग) असेल तर मध्यभागी ढिलं लागणं, मधेच हिसके बसणं, ब्रेक पूर्ण दाबूनसुद्धा स्क्रीनवरचा बार पूर्ण न भरणं

पहिली तीन बहुतेक सेटिंग, टायर किंवा चालवण्याच्या पद्धतीतून येतात, चौथं कंट्रोलरच्या सेटिंगमधून, आणि शेवटची तीन टीव्ही नाहीतर हार्डवेअरमधून. आता सगळ्यात सोप्या गोष्टीपासून सुरू करू. एका वेळी एकच बदल करायचा आणि मग चार-पाच लॅप मारायचे, पाच गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने फरक पडला ते कळणारच नाही.

असिस्टचं पान उघडा, फुकट आहे

ट्रॅक्शन कंट्रोल (रेस दिल्यावर चाकं जागीच फिरू न देणारा), एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं अडकू न देणारं), स्टॅबिलिटी (गाडी गिरकी घेऊ न देणारी), काउंटरस्टिअर (गाडी सुटली की स्टीअरिंग उलटं फिरवणारी मदत), या चारही गोष्टी जुन्या गेममध्ये कशा होत्या ते आधी कागदावर लिहा आणि नवीन गेममध्ये तशाच लावा. ग्रान टुरिस्मो ७ मध्ये ट्रॅक्शन कंट्रोल ० ते ५ असतो, एबीएसला डिफॉल्ट, वीक आणि ऑफ असे तीन पर्याय असतात, काउंटरस्टिअरची मदत वेगळी असते आणि एएसएम म्हणजे स्टॅबिलिटीची मदत आणखी वेगळी. पहिल्यांदा प्रीसेट निवडताना तुम्ही बिगिनर दाबलंय का एक्सपर्ट यावर हे सगळं ठरून जातं आणि नंतर कुणी तिकडे बघत नाही.

हे पहिलं का, तर ९०० हॉर्सपॉवरची मागच्या चाकांवर चालणारी गाडी ट्रॅक्शन कंट्रोल शून्यावर ठेवून रेसचा ट्रिगर फाडकन दाबला तर ती फिरणारच, कुठल्याही गेममध्ये फिरणार आणि खऱ्या ट्रॅकवरही फिरणार.

इथे एक गैरसमज मला मनापासून खटकतो. सगळे असिस्ट बंद म्हणजे जास्त रिअल असं लोक धरून चालतात. खऱ्या जीटी३ रेसकारला, म्हणजे रोडवरच्या स्पोर्ट्सकारवरून बनवलेल्या रेसकारला, एबीएस पण असतं आणि ट्रॅक्शन कंट्रोल पण असतो, ड्रायव्हर स्टीअरिंगजवळची बटणं फिरवून रेस चालू असताना ते कमी-जास्त करतो. कॉम्पेटिझिओनेमध्ये हे दोन्ही गाडीचेच भाग म्हणून दिलेत ते याच कारणाने, त्यामुळे तिथे ते शून्यावर आणून तुम्ही खऱ्याच्या जवळ जात नाही, लांब जाता. एफ१ चं बरोबर उलटं, तिथे एबीएस १९९४ पासून आणि ट्रॅक्शन कंट्रोल २००८ पासून बंद आहे, म्हणून एफ१ गेममध्ये हे बंद करून खेळणं खऱ्याला धरून आहे, फक्त अवघड आहे. रोडकारचं बघाल तर आपल्याकडेसुद्धा २०१९ पासून सगळ्या नव्या कारना एबीएस सक्तीचं आहे, मग गेममध्ये साध्या हॅचबॅकचं एबीएस काढून "आता रिअल वाटतं" म्हणण्यात काही अर्थ नाही. गाडी कुठली आहे ते बघा आणि तिला खऱ्यात जेवढी मदत असते तेवढी द्या.

याला अपवाद काउंटरस्टिअर आणि एएसएम. काउंटरस्टिअरची मदत चालू असली की गाडी सुटायच्या आत गेम स्वतःच स्टीअरिंग उलटं फिरवतो, तुम्हाला वाटतं आपल्याला जमतंय, आणि ज्या गेममध्ये ती मदत नाही तिथे गेल्यावर सगळं कोसळतं. तुलना करायची असेल तर हे दोन्हीकडे बंद ठेवा.

टायर

माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त केस इथेच संपतात, म्हणून इथे जरा थांबा.

ग्रान टुरिस्मो ७ मध्ये डांबरावरचे टायर तीन घराण्यांचे आहेत, कम्फर्ट, स्पोर्ट्स आणि रेसिंग, आणि प्रत्येकात हार्ड, मीडियम, सॉफ्ट. कम्फर्ट हार्ड आणि रेसिंग सॉफ्ट यांच्यात एवढा फरक आहे की गाडी बदलल्यासारखं वाटतं. रोडकार विकत घेतली की ती बरेचदा कम्फर्ट किंवा स्पोर्ट्स टायरवर येते, आपण इंजिनाचे पार्ट टाकून पॉवर दीडपट करतो आणि टायर तेच ठेवतो, मग गाडी बर्फावर असल्यासारखी चालली तर नवल काय. फोर्झामध्येही अपग्रेडच्या दुकानात टायर कंपाउंड (रबराचा प्रकार) वेगळं असतं, स्टॉक म्हणजे गाडीसोबत आलेल्या टायरपासून स्लिक म्हणजे नक्षी नसलेल्या रेसच्या टायरपर्यंत, आणि तिथे बरेच जण ऑटो अपग्रेड दाबून मोकळे होतात ज्यात चांगले टायर आपोआप बसून येतात. आता हाच माणूस म्हणतो फोर्झात ग्रिप आहे आणि ग्रान टुरिस्मोत नाही, तर तो दोन फिजिक्सची नाही, दोन टायरांची तुलना करतोय.

कॉम्पेटिझिओनेमध्ये टायरचं दुखणं वेगळं आहे. तिथे स्लिक असतातच, पण ते गरम व्हावे लागतात आणि त्यांचं प्रेशर बरोबर यावं लागतं. सुक्या ट्रॅकवर जीटी३ साठी गरम टायरचं प्रेशर २६ ते २७ पीएसआयच्या आसपास हवं. पिटमधून निघाल्या निघाल्या पहिल्याच कॉर्नरला पूर्ण जोरात गेलात तर टायर थंड असतात, गाडी निसटते आणि लोक पहिल्याच मिनिटाला रिमोट फेकतात. दोन लॅप सांभाळून मारा, मग गाडीतल्या टायरच्या पानावर आकडे बघा, प्रेशर कमी-जास्त असेल तर सेटअपमध्ये तेवढं बदला. थंडीत ट्रॅक थंड असेल तर प्रेशर थोडं वाढवावं लागतं, उन्हात कमी. जुने व्हिडिओ बघून २७.५ च्या वरचे आकडे टाकू नका, मधल्या एका अपडेटमध्ये टायर मॉडेल बदललं आणि ते आकडे जुने झाले.

आणि पाऊस. ट्रॅक ओला असेल आणि खाली स्लिक असतील तर हा गेमचा दोष नाही, टायर बदला.

गाडी, ट्रॅक आणि अपडेट सारखे आहेत का

फोर्झा होरायझनमध्ये हायपरकार आणि कॉम्पेटिझिओनेमध्ये जीटी३, अशी तुलना करून काही हाती लागत नाही. दोन्हीकडे मिळेल अशी गाडी घ्या. ग्रान टुरिस्मो आणि फोर्झा यांच्यासाठी माझी निवड माझदा एमएक्स-५, कमी पॉवर, हलकी, मागच्या चाकांवर चालणारी, आणि सगळं हळू घडत असल्यामुळे वजन कुठून कुठे जातंय ते जाणवतं. ग्रान टुरिस्मो आणि कॉम्पेटिझिओनेसाठी मर्सिडीज-एएमजी जीटी३. ट्रॅक स्पा घ्या, बेल्जियममधला सात किलोमीटरचा, तो ग्रान टुरिस्मो ७, २०२३ ची फोर्झा मोटरस्पोर्ट आणि कॉम्पेटिझिओने, तिन्हीत आहे. ला सूर्सच्या हेअरपिनमधून बाहेर पडताना ट्रॅक्शन कळतं, ले कोम्बला जोरात ब्रेक मारताना स्थिरता कळते, आणि पूओँच्या लांब डाव्या वळणात वेगात गाडी किती धरून राहते ते कळतं. या तीन जागा सोडून बाकी लॅपवर मत बनवू नका.

ट्यूनिंग कुणाचं डाउनलोड करून लावलं असेल तर ते काढून आधी स्टॉकवर या. फिजिक्सचं अपडेट आलं की जुने ट्यून बिघडतात. २०२४ च्या जुलैमध्ये ग्रान टुरिस्मो ७ ला १.४९ नंबरचं अपडेट आलं, सस्पेन्शन आणि टायरचं वागणं बदललं आणि काही गाड्या तर हवेत उडायला लागल्या होत्या, पुढच्या अपडेटमध्ये ते दुरुस्त झालं. म्हणून तुमची गाडी कालपर्यंत नीट होती आणि आज अचानक वेडीवाकडी वागते असं असेल तर आधी अपडेट आलंय का बघा, कंट्रोलर उघडायला बसू नका.

कंट्रोलरचं स्टीअरिंग सेटिंग

गाडी सरळ रस्त्यावर डोलते, तिच्यासाठी हा भाग. अंगठ्याची स्टिक या टोकापासून त्या टोकापर्यंत जेमतेम दोन-अडीच सेंटिमीटर फिरते, खरं स्टीअरिंग दोन-तीन पूर्ण फेरे. ही दरी गेम स्वतः भरून काढतो, वेग वाढला की चाकं कमी वळवतो, आणि स्टिक झटकन हलवली तरी चाकं हळूहळू वळवतो. प्रत्येक गेमचा हा फिल्टर वेगळा असतो आणि पॅडवर (हातातल्या कंट्रोलरवर) जे तुम्हाला हँडलिंग म्हणून जाणवतं त्यातला मोठा वाटा या फिल्टरचाच असतो. फोर्झाचा फिल्टर खूप माफ करणारा आहे, पॅडवर खेळणाऱ्यासाठी तो अतिशय विचार करून बनवलाय. ग्रान टुरिस्मोचा थोडा कडक पण वजनाची जाणीव जास्त देणारा, माझ्या मते पॅडवर गाडीचं वजन सगळ्यात छान तिथेच कळतं. कॉम्पेटिझिओने मुळात व्हीलसाठी बनलेला आहे, पॅडवर चालतो, पण सेटिंग लावल्याशिवाय नाही.

फोर्झामध्ये स्टीअरिंग सिम्युलेशनवर असेल आणि तुम्ही पॅडवर असाल तर ते नॉर्मलवर आणा. नावाला भुलू नका, तो पर्याय व्हीलवाल्यांना जास्त उपयोगाचा आहे, पॅडवर त्याने गाडी सांभाळणं उगाच अवघड होतं. ज्या गेममध्ये डेडझोन, लिनिॲरिटी, स्पीड सेन्सिटिव्हिटी असे स्लायडर आहेत तिथे डेडझोन (स्टिक जेवढी हलली तरी गेम दुर्लक्ष करतो तो भाग) स्टिक स्थिर राहील एवढाच, म्हणजे अगदी थोडा ठेवा, लिनिॲरिटी अशी ठेवा की मधल्या भागात गाडी सावकाश वळेल, आणि वेगात जास्त डोलत असेल तर स्पीड सेन्सिटिव्हिटी वाढवा. एक-एक पायरी बदलून बघा.

ड्युअलसेन्सचा (पीएस५ च्या कंट्रोलरचा) ट्रिगर कडक लागत असेल आणि त्यामुळे ब्रेक पूर्ण दाबला जात नसेल तर पीएस५ च्या सेटिंगमध्ये ॲक्सेसरीज, कंट्रोलर, ट्रिगर इफेक्ट, तिथून तो हलका करता येतो. ब्रेक ८० टक्केच लागतोय आणि गाडी थांबत नाही म्हणून लोक टायर बदलत बसतात, आधी स्क्रीनवरचा ब्रेकचा बार पूर्ण भरतोय का तेवढं बघा.

टीव्ही

गाडी उशिरा ऐकते, दोनशेच्या वेगात ब्रेकिंग पॉइंट सारखा चुकतो, तर टीव्हीचा गेम मोड चालू आहे का बघा. टीव्ही चित्र सुंदर करण्यासाठी त्यावर प्रक्रिया करतो आणि त्यात वेळ जातो. हिशोब सोपा आहे, २०० च्या वेगात गाडी सेकंदाला साधारण ५५ मीटर जाते, म्हणजे चित्र १०० मिलिसेकंद उशिरा आलं तर गाडी तुम्हाला दिसते त्यापेक्षा साडेपाच मीटर पुढे असते, अख्ख्या गाडीच्या लांबीपेक्षा जास्त. एवढ्यात कॉर्नर चुकणारच, आणि मागची बाजू सुटली की तुम्ही उलटं स्टीअरिंग देईपर्यंत गाडी फिरलेली असते. मोशन स्मूदिंग बंद करा, साउंडबारमधून एचडीएमआय फिरवलेली असेल तर ती काढून कन्सोल थेट टीव्हीला लावून बघा. मित्राकडच्या मॉनिटरवर तोच गेम छान वाटतो आणि घरी नाही, तर नव्वद टक्के हेच.

चालवण्याची पद्धत

इथपर्यंत सगळं बरोबर असेल आणि तरी गाडी फिरत असेल तर आता हाताकडे या. टायरची ग्रिप ठरलेली असते, ती ब्रेक, वळणं आणि रेस यांच्यात वाटली जाते. सगळी ग्रिप ब्रेकला वापरलीत तर वळायला काही उरत नाही, म्हणून पूर्ण ब्रेक दाबून स्टिक कितीही वाकवली तरी गाडी सरळ जाते. उलट कॉर्नरच्या मध्यावर घाबरून रेस एकदम सोडली की वजन पुढे जातं, मागची चाकं हलकी होतात आणि गाडी गिरकी घेते, मागे किंवा मध्ये इंजिन असलेल्या गाड्यांमध्ये तर फारच.

आर्केड गेममधून येणाऱ्यांना सगळ्यात मोठा त्रास याचाच होतो, कारण नीड फॉर स्पीडसारख्या गेममध्ये वळणात ब्रेकला टिचकी मारली की गाडी ड्रिफ्टमध्ये जाते आणि बोटांना तीच सवय लागते. सिममध्ये, म्हणजे खऱ्यासारख्या चालणाऱ्या गेममध्ये, तेच केलं की थेट भिंत. ब्रेक सरळ असतानाच जोरात मारा, वळायला सुरुवात झाली की वळवत जाल तसा ब्रेक सोडत जा, मध्यावर थोडं थांबा, आणि स्टीअरिंग सरळ व्हायला लागलं की मगच रेस हळूहळू वाढवा. एमएक्स-५ वर हे जमेपर्यंत मोठ्या गाडीला हात लावू नका. अर्धा तास रोज दिला तरी फरक दिसतो.

स्टिक आणि पॅडचं हार्डवेअर

हात न लावता गाडी एका बाजूला जाते, तर स्टिक ड्रिफ्ट, म्हणजे स्टिक सोडलेली असूनही ती हलल्यासारखं गेमला वाटणं. खात्री करायला पॅड यूएसबीने लॅपटॉपला लावा आणि ब्राउझरमधला कुठलाही गेमपॅड टेस्टर उघडा, स्टिक सोडल्यावर आकडा शून्याजवळ स्थिर राहतो का थरथरतो ते दिसतं. आधी ड्युअलसेन्सच्या मागच्या बारीक भोकात पिन घालून पाच सेकंद रिसेट दाबा, मग यूएसबीने पुन्हा जोडा. नाही गेलं तर गेममधला डेडझोन थोडा वाढवून काम भागतं, पण तो तात्पुरता उपाय आहे, डेडझोन वाढला की बारीक स्टीअरिंग मरतं. आत स्टिकची हालचाल मोजणारा पोटेन्शिओमीटर झिजलेला असतो आणि तो सेटिंगने बरा होत नाही.

व्हील असेल तर

पॅड आणि व्हीलची मतं एकत्र करू नका, हे वेगळे दोन खेळ आहेत. आधी मोड बघा, लॉजिटेकच्या जी२९ व्हीलवर पीएस३-पीएस४ असा खटका असतो, पीएस५ ला तो पीएस४ वर हवा. जी२९ एक्सबॉक्सवर चालत नाही आणि जी९२० प्लेस्टेशनवर चालत नाही, यात सेटिंगचा काही दोष नाही. चालू करताना व्हील स्वतः फिरून मध्य शोधतं, तेव्हा त्याला धरू नका, धरलंत तर मध्य चुकीचा बसतो आणि गाडी कायम एका बाजूला चालते. मग तिन्ही पेडल एकदा पूर्ण दाबून सोडा म्हणजे त्यांची हद्द कळते.

जी२९ साधारण ९०० डिग्री फिरतं. ज्या गेममध्ये डिग्री हाताने टाकावी लागते तिथे तेवढीच टाका, नाहीतर गाडी फार अंगावर येते किंवा फारच सुस्त वाटते. फोर्स फीडबॅक (व्हीलची मोटर हाताला देते ते धक्के) पूर्ण वाढवू नका, मोटरची ताकद संपली की सगळे धक्के एकसारखे लागतात आणि टायर सुटतोय हे कळायचं बंद होतं, तेच तर व्हील घेण्याचं कारण असतं. थोडं कमी ठेवा, बारीक गोष्टी परत जाणवतील. क्लॅम्प घट्ट आहे का बघा, डुगडुगणाऱ्या टेबलावर अर्धा फीडबॅक टेबल खातं. पेडलचा आकडा उड्या मारत असेल तर आत धूळ गेलेली असते, आपल्याकडच्या पंख्याखाली जमिनीवर ठेवलेल्या पेडलना हे होतंच. प्लग काढून बाहेरून ब्लोअरने किंवा ब्रशने साफ करा. वॉरंटी संपलेली असेल आणि स्क्रू उघडायची सवय असेल तरच आत कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, पूर्ण सुकू द्या, मगच वीज द्या.

इथे थांबा

पॅड वॉरंटीत असेल तर उघडू नका, थेट कंपनीच्या सर्व्हिसला द्या. वॉरंटी नसेल आणि सोल्डरिंग येत नसेल तरी उघडू नका, स्टिकचा मॉड्यूल बोर्डाला सोल्डर केलेला असतो, चौदा पायांच्या आसपास, एक ट्रॅक उखडला की पॅड गेलं, शिवाय आत लिथियम बॅटरी असते, ती टोचली तर पेट घेते. फुगलेली बॅटरी दिसली तर चार्जिंगला लावूच नका.

व्हीलच्या बेसमधून जळका वास, ॲडॉप्टर हात लावता येणार नाही इतका तापणं, फिरताना कडकड आवाज, मधेच फीडबॅक पूर्ण जाणं, यातलं काहीही झालं की प्लग काढा आणि गेमिंग व्हील दुरुस्त करणाऱ्याकडे न्या, साधा मोबाइलवाला नको. ॲडॉप्टर बदलायचा तर मूळ व्होल्टेज आणि अँपिअरचाच, बाजारात मिळेल तो नाही. कन्सोलचा एचडीएमआय पोर्ट हलत असेल, चित्र जात-येत असेल तर तेही घरी करायचं काम नाही.

देताना लक्षण कधी येतं, कुठल्या गेममध्ये येतं, दुसऱ्या पॅडवर येतं का, आणि टेस्टरवर आकडा किती दिसला, हे चिठ्ठीवर लिहून सोबत द्या, गेमपॅड टेस्टरचा छोटा व्हिडिओ काढलात तर आणखी बरं, काम लवकर होतं आणि नको ते पार्ट बदलले जात नाहीत.